संसर्गानंतर नख गळून पडले तर : नवे नख कसे आणि किती दिवसांत येते?

बोटाला नखुर्डे झाले, रात्रभर ठणकले, पू निघाला आणि एकदाचे बरे वाटले. पण दोन-तीन आठवड्यांनी त्याच बोटाचे नख बुडापासून हलू लागले. खालून पांढरट पोकळी दिसू लागली आणि एके दिवशी केस विंचरताना किंवा पिशवी उचलताना नख निघूनच आले. अशा वेळी रुग्ण जवळजवळ नेहमी हेच प्रश्न विचारतात : "डॉक्टर, नख परत येईल ना? पहिल्यासारखे येईल का? आणि तोवर काय करू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांसाठी "हो" असेच असते. मात्र नख परत येण्याचा वेग आपल्या हातात नसतो. आपल्या हातात असते ती उघड्या पडलेल्या जागेची काळजी, आणि काही धोक्याच्या खुणा वेळेवर ओळखणे. या लेखात त्याबद्दलच माहिती दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- नखाचे मूळ शाबूत असेल तर नख पुन्हा येते. हाताच्या बोटाला साधारण ४ ते ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने.
- सुटलेले नख ओढून काढू नका. सैल झालेला भाग तेवढाच कापा.
- पहिले दोन आठवडे जागा स्वच्छ, व्हॅसलीन लावून आणि झाकून ठेवा.
- मधुमेह असेल, लाली हातावर वर सरकत असेल, ताप असेल किंवा बोट सरळ करताना जीव जात असेल तर घरी थांबू नका.
- एकाच बोटाचे "नखुर्डे" आठवडेच्या आठवडे बरे होत नसेल तर ते साधे नखुर्डे नसू शकते.

नख नेमके तयार कुठे होते?

आपल्याला दिसते ती नखाची कडक पट्टी. ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते आणि तिच्यात जीव नसतो. म्हणून नख कापताना दुखत नाही. ही पट्टी जिथे तयार होते ती जागा बुडाशी, कातडीच्या घडीखाली लपलेली असते. तिला नखाचे मूळ किंवा मॅट्रिक्स म्हणतात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जो पांढरट अर्धचंद्र दिसतो, तो या मुळाचाच पुढे डोकावणारा भाग असतो.

नखाच्या खाली जी गुलाबी, नाजूक त्वचा असते ती नखाची गादी. नख या गादीला चिकटून पुढे सरकत राहते. बुडाशी कातडी आणि नख यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो, तो म्हणजे क्युटिकल. बाटलीच्या झाकणातल्या रबरी वायसरसारखे त्याचे काम असते : पाणी, साबण आणि जंतू मुळापर्यंत जाऊ न देणे. हा पापुद्रा दाताने कुरतडला, पार्लरमध्ये कापून टाकला किंवा सततच्या पाण्याने झिजला की संसर्गाला वाट मिळते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नखाची पट्टी पूर्ण गेली तरी मूळ जिवंत असेल तर नवी पट्टी तयार होते. पट्टी दिसायला चांगली असूनही मुळाला व्रण पडला असेल तर नवे नख वाकडे किंवा चिरलेले येऊ शकते.

संसर्गाने नख का सुटते?

सगळ्या संसर्गांत नख एकाच कारणाने गळत नाही. कारण कोणते यावर पुढचे उपचार ठरतात.

*१. पू झालेले नखुर्डे.* नखाच्या कडेला बारीक जखम होते आणि त्यातून जंतू शिरतात. बहुतेक वेळा हे जंतू स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. एक-दोन दिवसांत कड लाल होते, सुजते, ठणकते आणि पू धरतो. हा पू कडेला न राहता नखाखाली पसरला तर पट्टी गादीपासून सुटते. पू बुडाशी साचला तर मुळावर दाब येऊन नख तयार होण्याचे काम काही दिवस थांबते. नंतर काम पुन्हा सुरू होते, पण जुने नख आणि नवे नख यांच्यात खंड पडलेला असतो. खालून येणारे नवे नख जुन्याला ढकलत जाते आणि जुने सुटून पडते.

*२. जुनाट नखुर्डे.* सहा आठवड्यांहून अधिक काळ नखाची घडी सुजलेली, क्युटिकल नाहीसे झालेले आणि अधूनमधून दुखणे वाढणारे असे याचे रूप असते. दिवसभर भांडी-धुणे करणाऱ्या बाया, हॉटेलातले कामगार, मासळी निवडणाऱ्या कोळिणी, परिचारिका, केशकर्तनालयात काम करणारे यांच्यात ते जास्त दिसते. इथे मूळ दोष जंतूंपेक्षा पाणी, साबण आणि सोडा यांनी होणाऱ्या दाहाचा असतो. बुरशी नंतर येऊन बसते. म्हणून नुसते बुरशीचे मलम लावून हा त्रास जात नाही. बोट कोरडे ठेवणे हाच उपचाराचा अर्धा भाग असतो.

*३. नखाची बुरशी.* नख टोकाकडून किंवा कडेने पिवळट, जाड आणि भुसभुशीत होत मागे सुटत जाते. हे महिनोन्‌महिने चालते आणि सहसा दुखत नाही. पण जाड, पिवळे नख म्हणजे बुरशीच असे नाही. सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट यांनीही नख तसेच दिसते. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा कीस तपासून घ्यावा.

*४. विषाणूंचा संसर्ग.* नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूमुळे बोटाच्या टोकाला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका येतो आणि आग होऊन दुखते. तो नखुर्ड्यासारखाच दिसतो, पण तो फोडायचा किंवा कापायचा नसतो. कापल्याने फायदा होत नाही, उलट विषाणू पसरतो आणि वरून जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.

*५. लहान मुलांतला हात-पाय-तोंडाचा आजार.* ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ, आणि आठवडाभरात मूल बरे. नंतर चार ते आठ आठवड्यांनी अचानक एकेक नख बुडापासून सुटू लागते. आजार विसरून गेलेले आईवडील घाबरून जातात. याला कॉक्सॅकी गटातले विषाणू कारणीभूत असतात. २००८ साली फिनलंडमध्ये या आजाराची मोठी साथ आली, तेव्हा नखे गळणे हे त्या साथीचे ठळक लक्षण ठरले आणि कॉक्सॅकी ए-६ हा विषाणू त्यात सापडला. हे नख दुखत नाही, त्याला औषध लागत नाही आणि बहुतेक मुलांना काही महिन्यांत नवे, निरोगी नख येते. ही बुरशी नव्हे. मुलाला बुरशीच्या गोळ्या देऊ नका आणि केवळ नख सुटले म्हणून शाळेतून घरी ठेवू नका.

जोराचा ताप, कोविडसारखा मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया यानंतरही मूळ काही दिवस मंदावते. तेव्हा सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच दिसते. १८४६ साली जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला "बो यांची रेषा" म्हणतात. खाच पूर्ण खोल गेली की नख तिथून तुटते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे खाच क्युटिकलपासून ६ मिलिमीटर पुढे असेल तर त्रास सुमारे दोन महिन्यांपूर्वी झाला असा अंदाज बांधता येतो.

नख हलते आहे, अजून पडलेले नाही : काय कराल?

हलणारे नख म्हणजे पडणाऱ्या दुधाच्या दातासारखे, ओढून टाकावे असे अनेकांना वाटते. तसे करू नका. नखाचा एखादा कोपरा अजून गादीला किंवा बुडाच्या घडीला घट्ट धरून असतो. तो ओढला की गादी फाटते, रक्त येते आणि कधी मुळालाच इजा होते. शिवाय जुने नख हे खालच्या नाजूक गादीसाठी आयते झाकण असते.

- सुटलेला, अडकणारा भागच स्वच्छ नेलकटरने थोडा थोडा कापा. नेलकटर आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा.
- राहिलेल्या नखावर कापडी चिकटपट्टी किंवा बँडएड सैलसर गुंडाळा, म्हणजे ते कपड्यात, केसात अडकणार नाही.
- नखाखाली काडी, पिन, टाचणी घालून "साफ" करू नका. तुटलेली पोकळी आणखी मागे जाते.
- नखाखाली हिरवट रंग दिसला तर सहसा तो ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. बोट कोरडे ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.
- नखाखाली पू दिसत असेल किंवा दाबल्यावर ठणका बसत असेल तर संसर्ग अजून संपलेला नाही. घरी वाट पाहू नका.

नख पडले : पहिले दोन आठवडे

उघडी गादी पहिले काही दिवस फार हुळहुळी असते. वारा लागला, मीठ-तिखट लागले तरी झोंबते. साधारण आठ-पंधरा दिवसांत तिच्यावर एक टणक थर येतो आणि दुखणे खूप कमी होते. तोवर ही काळजी घ्या :

१. रोज एकदा नळाच्या स्वच्छ पाण्याने व साध्या साबणाने बोट धुवा. स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करा, चोळू नका.

२. गादीवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. पट्टी चिकटत नाही आणि काढताना जखम पुन्हा उघडत नाही.

३. त्यावर गॉजचा तुकडा ठेवून हलकी पट्टी बांधा. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू चिकटतात. पट्टी भिजली की लगेच बदला. चिकटलेली पट्टी ओढू नका, कोमट पाण्यात भिजवून सोडवा.

४. पट्टी इतकी घट्ट नको की बोटाचे टोक निळे किंवा बधिर होईल. लहान मुलांच्या बोटाला दोरा गुंडाळून पट्टी कधीही बांधू नका.

५. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट रोज ओतू नका. जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही भाजतात.

६. दुखत असेल तर हात उशीवर उंच ठेवा. तुम्हाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी योग्य प्रमाणात घेता येते.

७. जखम मार लागून किंवा काटा, खिळा रुतून झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा.

घरातला स्वयंपाक तुमच्याकडे असेल तर आणखी एक गोष्ट पाळा. बोटातून पू येत आहे तोवर कणीक मळणे, कोशिंबीर करणे किंवा डबे भरणे दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. नखुर्ड्यातले स्टॅफिलोकॉकस अन्नात वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही, आणि सगळ्या घराला उलट्या होऊ शकतात. करणे भागच असेल तर पट्टीवर हातमोजा घाला.

नवे नख : महिन्यागणिक काय दिसेल?

*पहिला महिना :* बहुधा काहीच दिसत नाही. नख मुळापाशी तयार होत असते, पण ते कातडीच्या घडीखाली लपलेले असते. "महिना झाला तरी नख नाही" म्हणून निराश होऊ नका.

*दुसरा महिना :* बुडाशी पातळ, थोडी खरखरीत किनार दिसू लागते. जुने नख नव्याने ढकलून पाडले असेल तर ही किनार आधीपासूनच दिसते.

*तिसरा-चौथा महिना :* नख अर्ध्याच्या पुढे येते. पुढची कड पातळ व वेडीवाकडी असते, कपड्यांत अडकते. ती कानशीने हळू गुळगुळीत करा.

*पाचवा-सहावा महिना :* नख बोटाच्या टोकापर्यंत पोहोचते. पहिले नख कधी जाडसर, आडव्या रेघांचे येते. त्यानंतर मागून येणारा भाग बऱ्याचदा अधिक सुबक असतो.

नख किती सावकाश वाढते याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलेला असतो. मतदानाच्या वेळी डाव्या तर्जनीला लावलेली शाई कातडीवरून काही आठवड्यांत जाते, पण नखावरची शाई महिनोन्‌महिने पुढे सरकत राहते आणि शेवटी नखाबरोबर कापली जाते. मेंदीचा रंगही तसाच.

विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ ३५ वर्षे मोजली. बत्तिशीत ती रोज ०.१२३ मिलिमीटर होती, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हणजे वय वाढते तसे नख मंदावते. मुलांचे नख लवकर येते, आजीचे उशिरा. मधल्या बोटाचे नख करंगळीपेक्षा वेगाने वाढते. रक्तपुरवठा कमी असेल तर वेळ वाढतो. शेजारणीचे नख चार महिन्यांत आले आणि तुमचे सहा महिन्यांत, तर त्यात काही चुकले असे नाही.

मधल्या काळात बोटाचे मऊ टोक किंचित वर उचलले जाते, कारण त्याला दाबून धरणारे नख नसते. नवे नख त्या मांसात रुतू लागले तर डॉक्टर टोक खाली ओढून धरणारी चिकटपट्टी कशी लावायची ते दाखवतात.

नख वेडेवाकडे आले तर?

पहिल्या नखावरच निकाल लावू नका. आडव्या खाचा आणि खरखरीतपणा बहुधा वाढीबरोबर पुढे जाऊन निघून जातो. पण काही बदल टिकतात. मुळाला व्रण पडला असेल तर नखावर कायमची उभी भेग किंवा कंगोरा राहतो. कधी बुडाची कातडी गादीला चिकटून नख दोन भागांत विभागले जाते. क्वचित नख अगदी छोटे येते किंवा येतच नाही. सहा ते आठ महिन्यांनी हाताच्या नखात सुधारणा दिसत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

घरगुती उपाय : काय चालेल, काय नाही

*कोमट पाण्याचा शेक :* नखुर्डे नुकतेच सुरू झाले असताना उपयोगी. दिवसातून तीन-चार वेळा, १५-२० मिनिटे बोट कोमट पाण्यात बुडवा आणि नंतर नीट कोरडे करा. पाणी सोसेल इतकेच गरम हवे. नख पडून गादी उघडी झाल्यावर मात्र तासन्‌तास भिजवू नका.

*लिंबू खोचणे :* आपल्याकडे नखुर्ड्यावर लिंबाची टोपी घालण्याची जुनी पद्धत आहे. लिंबाच्या आम्लाने पू निघत नाही. बंद, ओल्या लिंबात बोट रात्रभर राहिले की कातडी पांढरी पडून सोलते. उघड्या गादीवर तर लिंबू मुळीच नको.

*हळद, चुना, शेण, गरम तेल, टूथपेस्ट :* चुन्याने रासायनिक भाजते, गरम तेलाने पोळते. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हळदीने नख पिवळे होऊन डॉक्टरांना खरा रंग दिसत नाही.

*स्वतः सुईने फोडणे :* जंतू आणखी खोल जातात. पुळ्या हर्पीसच्या असतील तर नुकसान जास्त.

*दुकानातले मिश्र मलम :* स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जातात. त्यांनी लाली दोन दिवस दबते, पण संसर्ग आतून वाढू शकतो आणि बुरशी हट्टी होते. जुनाट नखुर्ड्यात डॉक्टर स्टिरॉइडचे मलम देतातही, पण ते तपासून आणि ठरावीक दिवसांसाठी.

*बायोटिनच्या गोळ्या :* संसर्गाने गेलेले नख त्यांनी लवकर येते असा भरवशाचा पुरावा नाही. उलट जास्त मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन या रक्तचाचणीचा निकाल चुकवू शकते. घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. डाळ, अंडी, दूध, हिरव्या भाज्या असे रोजचे जेवण नीट असेल तर बहुतेकांना वेगळे काही लागत नाही.

मधुमेह असेल तर

साखर वाढलेली असताना जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि संवेदना कमी झाल्यामुळे दुखणे उशिरा कळते. साधे नखुर्डेही हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणून मधुमेही व्यक्तीने लाली दिसताच, पू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. शेकण्याचे पाणी बोटाने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून कोपराने तपासून घ्यावे. पायाचे नख सुटले असेल तर अनवाणी फिरू नये आणि रोज संध्याकाळी पाय उजेडात पाहावेत. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांनाही हेच लागू.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना

- लाली किंवा लाल रेघ बोटावरून हातावर वर चढते आहे
- ताप, थंडी वाजणे, काखेत गाठ
- संपूर्ण बोट सुजून किंचित वाकलेले, सरळ करताना असह्य कळ (संसर्ग स्नायूच्या दोरीच्या आवरणात गेल्याची शक्यता, उशीर झाला तर बोट कायमचे आखडू शकते)
- बोटाच्या टोकाचा मऊ भाग टणक सुजून ठोके पडल्यासारखा ठणका
- औषध सुरू करून ४८ तास झाले तरी त्रास वाढतोच आहे
- बोट काळेनिळे किंवा बधिर पडणे

आणि या खुणांसाठी काही दिवसांत तज्ज्ञांकडे

नखाखालचा काळा डाग मार लागून साकळलेल्या रक्ताचा असेल तर तो नखाबरोबर पुढे सरकतो. पण बुडापासून निघणारी काळी-तपकिरी पट्टी रुंद होत असेल किंवा रंग शेजारच्या कातडीवर पसरत असेल, तर मेलॅनोमा या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. तसेच एकाच बोटाची जखम, चामखिळीसारखी वाढ किंवा पाझरणारे "नखुर्डे" औषधे घेऊनही महिना-दोन महिने भरत नसेल, तर छोटा तुकडा काढून तपासणी करणे गरजेचे असते. असे रुग्ण मलमे बदलत वर्ष घालवतात, ही खरी काळजीची बाब आहे. बहुतेकांमध्ये तपासणीत गंभीर काही निघत नाही. पण निघालेच, तर लवकर कळल्यामुळे बोट आणि कधी जीवही वाचतो.

डॉक्टर काय करतील?

पू असेल तर बोटाच्या बुडाशी भुलीचे इंजेक्शन देऊन तो काढला जातो. हे काम थोड्या मिनिटांचे असते आणि ठणका लगेच उतरतो. पू नखाखाली असेल तर नखाचा थोडा भाग काढावा लागतो. संपूर्ण नख काढण्याची गरज क्वचितच पडते. पू नीट निघाला आणि प्रकृती चांगली असेल तर दरवेळी प्रतिजैविक लागतेच असे नाही. दिले असेल तर मात्र पूर्ण दिवस घ्या. हाडाची शंका असल्यास एक्स-रे काढतात.

बुरशी तपासणीत सापडली तर टर्बिनाफिनसारख्या गोळ्या हाताच्या नखांना साधारण ६ आठवडे, पायाच्या नखांना १२ आठवडे देतात. यकृताचा आजार, दारूचे सेवन, गर्भारपण किंवा इतर औषधे असतील तर आधी सांगा. गोळ्या संपल्या तरी खराब नख लगेच चांगले दिसत नाही. निरोगी नख बुडाकडून पुढे येईपर्यंत थांबावे लागते.

मासळी साफ करताना काटा किंवा कोळंबीचा सोंड रुतून त्रास सुरू झाला असेल तर ते आवर्जून सांगा. माशांवरचे आणि पाण्यातले काही जंतू वेगळे असतात आणि त्यांना वेगळी औषधे लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गळलेले नख परत चिकटवता येते का?*
संसर्गाने गळलेले नख चिकटवू नये. त्याखाली जंतू कोंडले जातात. फेविक्विक वगैरे तर अजिबात नको.

*नेलपॉलिश किंवा कृत्रिम नख लावू का? लग्न तोंडावर आहे.*
गादी उघडी असताना नाही. नवे नख गादी पूर्ण झाकेपर्यंत थांबलेले बरे. कृत्रिम नखाचा गोंद आणि ते काढायचे द्रावण कोवळ्या नखाला सोसत नाही. मेंदी लावायची असेल तर भरलेल्या कातडीवर लावा, उघड्या जागेवर नाही. रासायनिक "काळी मेंदी" टाळा.

*कामावर कधी जाऊ?*
कोरडे काम असेल तर पट्टी बांधून लगेच. पाण्यातले, मातीतले किंवा अन्नाचे काम असेल तर पू थांबून गादीवर थर येईपर्यंत थांबा. सुट्टी शक्य नसेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या आणि तेवढे दिवस कोरडे काम मागा.

*आधारच्या अंगठ्याला अडचण येईल का?*
ठसा बोटाच्या पुढच्या बाजूचा असतो, नखाचा नाही. त्या बाजूची कातडी सोलली असेल तर काही दिवस ठसा जुळत नाही. दुसरे बोट वापरा.

*माझ्या नखामुळे घरच्यांना संसर्ग होईल का?*
पू वाहत असताना टॉवेल आणि नेलकटर वेगळे ठेवा. पू थांबल्यावर उघडी गादी किंवा नवे नख यांपासून कुणाला धोका नसतो. बुरशी असेल तर नेलकटर कायम वेगळे ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

- भांडी-धुणे करताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचतो.
- काम झाल्यावर बोटांच्या फटी व नखांच्या कडा कोरड्या करा. रात्री नखांच्या बुडाशी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा.
- क्युटिकल कापू नका, मागे ढकलू नका. पार्लरमध्ये तसे स्पष्ट सांगा.
- नखाकडेची निघालेली सालपटे ओढू नका, बुडाशी कात्रीने कापा.
- मुलांची नखे कुरतडण्याची, बोट चोखण्याची सवय ओरडून नव्हे, हात गुंतवून सोडवा.
- नखे सरळ आणि थोडी राखून कापा. कोपरे खोल कोरू नका.

नख गेलेल्या बोटाकडे लोक पाहतात, विचारतात आणि आपणही दर दोन दिवसांनी पट्टी उघडून "आले का?" ते पाहतो. त्याऐवजी एक सोपी सवय लावा : महिन्यातून एकदा, त्याच तारखेला, त्याच उजेडात मोबाइलवर बोटाचा फोटो काढा. रोज न दिसणारी वाढ त्यात दिसते. वाढ थांबली असेल तर तेही कळते आणि डॉक्टरांना दाखवायला नेमकी नोंद तुमच्याकडे असते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या बोटाची तपासणी केल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. उपचारासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*